म्युझिकला कोण बसतंय?

मागच्या लेखात विषय आणि संशोधनप्रश्न यांतला फरक पाहिला होता. तो वाचून बऱ्याच जणांनी साधारण एकच अडचण सांगितली: विषय हातात आहे, पण त्यातून प्रश्न काही निघत नाही. नुसत्या व्याख्या सांगून हे सुटणार नाही, म्हणून आज एक विषय घेऊन तो प्रश्नापर्यंत नेऊन दाखवते. विषय माझ्या पीएच.डी.च्या शेजारचाच आहे. नाटकाचं साउंड डिझाइन माणूस शिकतो कुठे, आणि त्यात कामाची सुरुवात होते कशी? तुमच्यातल्या काहींना हे काम स्वतः करायचं असेल, काहींना त्यावर प्रबंध लिहायचा असेल. दोघांनाही मी शेवटी एकाच ठिकाणी पाठवणार आहे, त्यामुळे दोघांनीही वाचायला हरकत नाही.

कॉलेजात एकांकिका केली असेल तर शीर्षकातलं वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. भूमिका वाटून होतात, नेपथ्याला दोन हौशी मुलं मिळतात, लाइट्ससाठी कुणीतरी सिनियर येतो, आणि स्पर्धा आठवड्यावर आली की दिग्दर्शक इकडेतिकडे बघून विचारतो, "म्युझिकला कोण बसतंय?" मग ज्याला भूमिका मिळालेली नाही पण ज्याला ग्रुपमधून सोडून चालणार नाही, असा एक जण बसतो. क्रियापद बघा. मराठीत हे काम 'करत' नाहीत, त्याला 'बसतात'. असे शब्दप्रयोग वहीत टिपून ठेवत जा. त्यातून काही सिद्ध होत नाही, पण कुठे खणायचं ते कळतं.

आता दुसरा शब्द. वर्तमानपत्रातली कुठलीही नाटकाची जाहिरात काढा. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी 'संगीत' किंवा 'पार्श्वसंगीत'. या एका शब्दाखाली किती कामं गेली आहेत ते मोजा. प्रवेश बदलताना वाजणारी धून कुणीतरी रचलेली किंवा निवडलेली असते. दारावरची बेल, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, लांबून जाणारी लोकल, पहाटेचा नळ हे आवाज कुणीतरी मिळवलेले किंवा तयार केलेले असतात. ते प्रेक्षकाला कुठल्या दिशेने ऐकू यावेत, म्हणजे स्पीकर कुठे ठेवायचा, हे कुणीतरी ठरवतं. नटांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय की नाही, फूट माईक पुरतात की कॉलर माईक लागतात, हेही कुणीतरी बघतं. आणि दर प्रयोगाला हे सगळं वेळेवर वाजवणारा एक जण असतोच. यातलं पहिलं काम सोडलं तर बाकी कशालाही 'संगीत' म्हणता येणार नाही. 'ध्वनिसंयोजन', 'ध्वनिआरेखन' असे शब्द अलीकडे दिसतात, पण तालमीत कुणी ते बोलत नाही. तिथे सगळंच 'म्युझिक'. कुकरची शिट्टीसुद्धा.

याचं एक कारण आपल्या रंगभूमीच्या इतिहासात असावं, असं मला वाटतं. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि पुढची कित्येक वर्षं मराठी नाटक म्हणजे संगीत नाटक असंच समीकरण राहिलं. तिथे आवाज जिवंत होता आणि डोळ्यांना दिसत होता. तबला, सारंगी, पुढे ऑर्गन, आणि गाणारा नट स्वतः. वाजवणाऱ्याचं नाव लोकांना माहीत असायचं. स्पूलवरचा टेप आला आणि आवाज रंगमंचावरून उठून एका यंत्रात गेला, यंत्राशी बसणारा माणूस प्रेक्षकांना दिसेनासा झाला. सगळीकडे असंच झालं असं मात्र नाही. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये भास्कर चंदावरकरांचं संगीत होतं, आणि त्यात रंगमंचावर ओळीने उभ्या असलेल्या माणसांची भिंतच गात होती. आवाजाची रचना म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर त्या प्रयोगाचा विचार नेहमी करावा, कारण तिथे आवाज कुठून येतो हा प्रश्न दिग्दर्शनाचाच भाग झालेला होता.

हा गोंधळ फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका. अमेरिकेत प्रादेशिक रंगभूमीवर 'साउंड डिझायनर' हे श्रेय पहिल्यांदा मिळालेला माणूस म्हणून डॅन डुगन यांचं नाव घेतलं जातं, ते १९६८-६९ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकन कॉन्झर्व्हेटरी थिएटरमध्ये. म्हणजे पदाला नाव मिळून अजून साठ वर्षंही झालेली नाहीत. ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांत ध्वनिआरेखनाला जागा मिळाली २००८ मध्ये. २०१४ मध्ये ते पुरस्कार बंद करायचं जाहीर झालं. मतदारांपैकी अनेकांना या कामाचं मूल्यमापन कसं करायचं तेच कळत नाही, असं कारण त्या वेळच्या बातम्यांमध्ये आलं होतं. बरीच आरडाओरड झाली, हजारोंनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, आणि २०१७-१८ च्या हंगामापासून पुरस्कार परत आले. संशोधक म्हणून मला यातली रोचक गोष्ट वेगळीच वाटते. काम वाईट आहे असं कुणीच म्हणत नव्हतं. ते ऐकायचं कसं हे माहीत नाही, एवढीच तक्रार होती. चांगलं झालेलं काम लक्षात येत नाही आणि चुकलेलं मात्र शेवटच्या रांगेलाही कळतं, अशा कसबाचा अभ्यास करायला तुम्ही निघालात तर पुरावा कुठून आणणार?

इथपर्यंत विषय झाला. आता प्रश्नाकडे.

पहिल्या झटक्यात सुचणारा प्रश्न असा असतो: "मराठी रंगभूमीवरील ध्वनिआरेखनाचा चिकित्सक अभ्यास." हा प्रश्नच नाही, शीर्षक आहे, आणि तेही दमवणारं. पुढची पायरी: "मराठी नाटकातले साउंड डिझायनर काम कसं शिकतात?" हे बरं आहे, पण याचं उत्तर तुम्हाला आत्ताच माहीत आहे: बघून बघून. सगळे तेच सांगतील. अशा वेळी सिद्धान्त उपयोगी पडतो. तो प्रबंधात एक प्रकरण भरायला घ्यायचा नसतो, 'बघून बघून' या शब्दांची उकल करायला घ्यायचा असतो.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचं 'सिच्युएटेड लर्निंग' हे पुस्तक १९९१ मध्ये आलं. छोटंसंच आहे, दोन दिवसांत वाचून होतं. ते शिकाऊ माणसाकडे बघतात. माणूस एखाद्या कामात शिरतो तेव्हा तो आधी काठावर असतो. छोटी, कमी जोखमीची पण खरीखुरी कामं त्याच्याकडे येतात, आणि ती करता करता तो हळूहळू आत सरकतो. याला त्यांनी 'लेजिटिमेट पेरिफेरल पार्टिसिपेशन' म्हटलंय. मी त्याचं मराठी 'काठावरचा हक्काचा सहभाग' असं करते. यातला 'हक्काचा' हा शब्द महत्त्वाचा आहे, त्याकडे आपण परत येऊ.

त्यांच्या दाखल्यांपैकी लायबेरियातल्या शिंप्यांचा दाखला आपल्या कामाचा. तिथली शिकाऊ मुलं कपडा बेतायला आधी शिकत नाहीत. सुरुवात होते शेवटाकडून: बटण लावणं, दुमड घालणं, इस्त्री. मग शिवण. कापणं सगळ्यात शेवटी. वाया गेलं तर बटण स्वस्त, कापड महाग, हा त्यातला व्यवहार झाला. पण यात शिकण्याचीही एक गंमत आहे. तयार कपडा हातात आधी येतो, त्यामुळे कापायची वेळ येते तेव्हा हे तुकडे पुढे कुठे जाणार ते मुलाला माहीत असतं.

आता म्युझिकला बसलेल्या पोराकडे बघा. त्याच्या हातात आधी काय येतं? तयार झालेलं काम. ट्रॅक कापलेले आहेत, क्यू ठरलेले आहेत, त्याने फक्त वाजवायचं. तोही शेवटाकडून सुरुवात करतोय. म्हणजे 'उरलेल्या माणसाचं काम' म्हणून जी खुर्ची आपण बाजूला टाकतो, तीच या सिद्धान्ताप्रमाणे शिकायची योग्य जागा ठरते. इथे आनंद होऊन थांबायचा मोह होतो. थांबू नका.

कारण त्याच पुस्तकात खाटकांचाही दाखला आहे. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या मांसविभागात शिकाऊ उमेदवार वेष्टनाच्या यंत्रापाशी कामाला असायचे, आणि ते यंत्र अशा ठिकाणी होतं की मुरलेले कारागीर मांस कसं कापतात ते त्यांना दिसायचंच नाही. काम खरं होतं, काठावरचंही होतं, पण मधली नजरच तुटलेली होती. त्यामुळे वेष्टन करणारे वेष्टनच करत राहिले.

हे दोन दाखले शेजारी ठेवले की आपला प्रश्न जागा होतो. एक उदाहरण घेऊ, माझ्या मनातलंच. पहिल्या अंकाच्या शेवटी पाऊस आहे. आई पत्र वाचते, "तो येणार नाही" म्हणते, आणि पाऊस थांबतो. क्यूशीटवर एवढंच लिहिलंय: क्यू १७, पाऊस, फेड आउट, ८ सेकंद. एक ऑपरेटर पहिल्या वाचनापासून तालमीला आहे. त्याने बघितलंय की आधी पाऊस पडदा पडेपर्यंत चालू होता, मग एक दिवस पाऊस लावायचाच राहून गेला आणि त्या शांततेत पत्राच्या घडीचा आवाज ऐकू आला, आणि दिग्दर्शकाने तो ठेवायचं ठरवलं. तेव्हा पाऊस संपायला हवा तो घडी घालण्याच्या आधी, हे त्याला माहीत आहे. तो प्रयोगात वाक्याकडे नाही, आईच्या हाताकडे बघतो. दुसऱ्या ऑपरेटरला रंगीत तालमीच्या दिवशी पेनड्राइव्ह मिळालाय. त्यात 'पाऊस फायनल', 'पाऊस फायनल नवीन', 'पाऊस नक्की हाच' अशा तीन फायली आहेत. तो वाक्य ऐकतो, आठ सेकंद मोजतो, फेडर खाली आणतो. बाई ज्या दिवशी चार सेकंद जास्त रेंगाळतात त्या दिवशी त्याचा पाऊस लवकर संपतो आणि मधे एक भोक पडतं. दोघांनी ५० प्रयोग केले. दोघांच्याही अनुभवाच्या रकान्यात ५० च लिहिलं जाणार.

तर प्रश्न असा झाला: ऑपरेटिंगमधून डिझाइन शिकता येतं का, हे त्या माणसाला तालमीत किती आणि कोणत्या टप्प्यापासून प्रवेश होता यावर कितपत अवलंबून असतं? हा विचारता येतो, त्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं, आणि दोन प्रकारच्या माणसांची तुलना करून तपासता येतो. 'हक्काचा' हा शब्द आता कळला असेल. तालमीला बसायला मिळणं ही मेहेरबानी आहे की कामाचा भाग आहे, यावर बरंच काही ठरतं.

करिअरसाठी वाचणाऱ्यांनी याचा अर्थ असा घ्यावा: पहिलं काम मिळेल तेव्हा पैशाआधी एक गोष्ट मागा. "मी तालमीला येणार." व्यावसायिक नाटकात ऑपरेटरला 'नाइट' मिळते, म्हणजे प्रयोगामागे ठरलेले पैसे, आणि तालमीचे दिवस त्यात सहसा धरलेले नसतात. म्हणून तालमीला या असं कुणी आपणहून म्हणणार नाही. तुम्ही गेलात तर बहुतेक कुणी हाकलूनही देणार नाही. पण इथे एक कडू गोष्ट आहे, ती लपवत नाही. महिनाभर संध्याकाळी बिनपैशाने तालमीला बसणं ज्याच्या घरचं भागतंय त्यालाच परवडतं. म्हणजे शिकण्याचा दरवाजा आणि घरची परिस्थिती यांचा थेट संबंध लागतो. प्रबंध करणाऱ्यांनी हा भाग तळटीपेत ढकलू नये. कोण आत सरकलं आणि कोण वेष्टनापाशीच राहिलं, याचं निम्मं उत्तर कदाचित इथेच असेल.

तालमीनंतरची दुसरी शाळा म्हणजे थिएटर. थोडं भौतिकशास्त्र लागेल, घाबरू नका, दोनच गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट वॉलेस सॅबिन यांची. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळायचं नाही, म्हणून या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. उच्चारलेला शब्द तिथे साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा. सॅबिन रात्री, सगळीकडे शांत झाल्यावर, ऑर्गनची नळी आणि घड्याळ घेऊन बसायचे. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, एकेक वाढवत घुमणं किती कमी होतं ते मोजायचे, आणि सकाळच्या आत गाद्या परत. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्र. (जाता जाता: सॅबिन यांनी स्वतः पीएच.डी. कधीच केली नाही. गाइडला सांगू नका.)

हे नाटकवाल्याला कशाला हवं? एक कल्पित थिएटर घ्या. घनफळ ४,००० घनमीटर, लाकडी खुर्च्या, रिकामं असताना शोषण ३२० चौरस मीटर. घुमण्याचा काळ आला सुमारे २ सेकंद. आता ५०० माणसं येऊन बसली. प्रत्येक माणूस साधारण ०.४ चौरस मीटर शोषण वाढवतो असं धरलं तर शोषण ५२० होतं आणि काळ उतरतो सव्वा सेकंदावर. दुपारी रिकाम्या थिएटरात भरदार वाटलेला ढगांचा गडगडाट रात्री हाउसफुल्ल प्रयोगात कोरडा आणि बारीक का वाटतो, ते इथे कळतं. अनुभवी ऑपरेटर सूत्र मांडत नाही. तो रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघतो आणि फेडरची खूण बोटभर वर धरून ठेवतो. त्याच्या हाताला माहीत असलेली गोष्ट तोंडाने सांगता येतेच असं नाही, आणि तुमच्या मुलाखतीतली खरी अडचण हीच असणार आहे.

दुसरी गोष्ट हेल्मुट हास यांची, आणि ही मात्र त्यांची डॉक्टरेटच होती, १९४९ ची. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने कानावर आला तर कान दोन आवाज ऐकत नाही. तो एकच ऐकतो आणि जो आधी पोचला त्याच्या दिशेला तो लावून टाकतो. नंतरचा आवाज साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आला आणि थोडा मोठा असला तरीही. आता हिशेब करा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. तुम्ही नटापासून १० मीटरवर आणि भिंतीवरच्या स्पीकरपासून ३ मीटरवर बसला आहात. माईकमधला आवाज स्पीकरपर्यंत वायरीतून तत्काळ पोचतो, म्हणून स्पीकरचा आवाज नटाच्या खऱ्या आवाजापेक्षा ७ मीटर, म्हणजे सुमारे २० मिलिसेकंद आधी तुमच्या कानावर येतो. परिणाम? बाई समोर रडतायत आणि रडणं भिंतीतून येतंय. मिक्सरमध्ये त्या स्पीकरला ३० मिलिसेकंद उशीर दिला की नटाचा खरा आवाज दहा मिलिसेकंद आधी पोचतो, आणि रडणं परत बाईंच्या तोंडी जातं. स्पीकर तोच, माईक तोच.

दारावरच्या बेललाही हेच लागू. ती मुख्य स्पीकरमधून वाजली की प्रेक्षकांच्या डोक्यावर वाजते आणि नट भलत्याच दिशेला दार उघडायला जातो. शंभर रुपयांची खरी बेल दाराच्या फ्लॅटमागे लावून विंगेतून कुणी दाबली तर ती दारातच वाजते. साउंड डिझाइन म्हणजे महागडं सॉफ्टवेअर असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रयोग एकदा करून बघावा.

आपली व्यावसायिक नाटकं फिरती असतात. आज दादरला शिवाजी मंदिर, उद्या पुण्यात बालगंधर्व, परवा तिसऱ्याच गावी पंखे गरगरणारं सभागृह. नाटक तेच, क्यू तेच, माणसं तीच. बदलतो फक्त हॉल. प्रयोगशाळेत जे मुद्दाम घडवावं लागतं ते इथे दौऱ्याच्या वेळापत्रकाने आपोआप घडतंय. एका ऑपरेटरबरोबर चार गावं फिरा आणि प्रत्येक ठिकाणी त्याने काय बदललं तेवढंच लिहून काढा. माझ्या मते एवढ्यावर एम.ए.चा एक चांगला लघुप्रबंध होतो.

अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात, कारण यावर माहितीपुस्तिका माझ्यापेक्षा जास्त सांगतील. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स इथे नाटक समग्र शिकायला मिळतं, ध्वनी त्याचा एक भाग. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिआरेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि कान तयार व्हायला तो उत्तम, पण त्याचा रोख सिनेमाकडे. सिनेमातला आवाज एकदा बसवला की बसला. नाटकातला रोज नव्याने बसवावा लागतो, हा फरक तिथून बाहेर पडल्यावर शिकावा लागेल. परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी: येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेत ध्वनिआरेखनाचा वेगळा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि २०२१ पासून तिथे शिकवणीची फी घेत नाहीत. प्रवेश अर्थातच मोजक्यांना.

साधनांचंही तसंच. ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर साठ दिवस वापरून बघता येतं. क्यू चालवायला क्यूलॅब सोयीचं, त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते, पण ते फक्त मॅकवर चालतं. मॅक नसेल तर अडून बसू नका. कशावरही वाजवा, फक्त लॅपटॉपचं नोटिफिकेशन बंद करा, वायफाय बंद करा आणि सगळे ट्रॅक दुसऱ्या एका यंत्रावर तयार ठेवा. सिनेमाचं किंवा कुठल्या तरी वेबसाइटवरचं संगीत उचलून लावायची स्पर्धांमधली सवय मात्र तिथेच सोडा. तिकीट लावून प्रयोग सुरू झाले की परवानगीचा प्रश्न येतो, आणि कागद नसेल तर निस्तरायला तुमचंच नाव पुढे केलं जातं. शिवाय पाऊस, बाजार, एसटी स्टँड हे स्वतः मुद्रित केलेले आवाज जमत गेले की तीच तुमची पुंजी होते. सातारा स्टँडवरची घोषणा आणि नागपूर स्टँडवरची घोषणा यांत फरक असतो, आणि तो ऐकणारे प्रेक्षक असतात.

आता संशोधकांसाठी पुराव्याचा प्रश्न, जो वर अर्धवट सोडला होता. ध्वनीच्या कामाचे कागद जवळजवळ राहत नाहीत. नेपथ्याची रेखाटनं उरतात, वेशभूषेचे फोटो उरतात. ध्वनीचं उरतं ते क्यूशीट आणि खुणा केलेली संहिता, आणि नाटक बंद झालं की तीही रद्दीत जाते. म्हणून पहिलं काम, कुणाही ऑपरेटरला भेटलात की त्याच्या संहितेचे फोटो काढायची परवानगी मागा. समासातल्या खुणा नीट वाचा. 'हळू', 'बाई बसल्यावर', 'हशा आला तर थांब', 'पुण्यात +२' अशा खुणा सापडल्या तर ते सोनं समजा. छापील क्यू आणि पेन्सिलीची खूण यांच्यामधल्या जागेत शिकणं घडलेलं असतं.

दुसरं, छोटीशी मोजणी. एकाच नाटकाचे पाच-सहा प्रयोग एकाच जागेवरून मुद्रित करा आणि प्रत्येक वेळी नटाचा शेवटचा शब्द आणि पुढचा आवाज यांतलं अंतर ऑडॅसिटीत मोजा. यासाठी फेड इन निवडू नका, त्याची सुरुवात नेमकी सापडत नाही. फोनची रिंग, बेल, बंदुकीचा बार असे एकदम सुरू होणारे क्यू घ्या. आकडे हातात आले की ते मुद्रण त्या ऑपरेटरला ऐकवा आणि विचारा, "इथे तुम्ही जास्त थांबलात, का?" या पद्धतीला 'स्टिम्युलेटेड रिकॉल' म्हणतात. "तुम्ही क्यू कसा देता?" असं हवेत विचारलं तर उत्तर येतं, "अंदाजाने." स्वतःचाच थांबा ऐकवला की माणूस बोलायला लागतो. तालमीत असलेला आणि नसलेला ऑपरेटर इथे वेगळी कारणं देतात का, ही आपल्या प्रश्नाची खरी कसोटी. दोघंही एकसारखीच कारणं देतात असं निघालं तर लेव्ह-वेंगर इथे लागू पडत नाहीत असं लिहायची तयारी ठेवा.

परवानग्या आधी आणि लेखी घ्या: निर्माता, दिग्दर्शक, नट आणि ऑपरेटर. मुद्रण कुणालाही पाठवायचं नाही, मित्रालाही नाही. नाव न छापण्याचं वचन देताना विचार करा. हे क्षेत्र इतकं लहान आहे की नाटकाचं नाव आणि साल लिहिलंत की माणूस ओळखला जातो. शक्य असेल तिथे नाटकाचंही नाव वगळा. आणि ज्याला आपलं नाव यावंसं वाटतं त्याला जबरदस्तीने निनावी करू नका. आयुष्यभर श्रेयनामावलीबाहेर राहिलेल्या माणसाला तुमच्या प्रबंधातही 'ऑपरेटर क्र. ३' करणं बरं दिसत नाही.

मुलाखतीची वेळ हा शेवटचा मुद्दा. तिसऱ्या घंटेच्या आधी कुणाला काही विचारायला जाऊ नका, आणि प्रयोग संपल्यावर लगेचही नको. तेव्हा सामान आवरायचं असतं, बस उभी असते, पुढच्या गावचा रस्ता लांबचा असतो. तेवढा वेळ वही खिशात ठेवा आणि हात लावा. केबल गुंडाळायला घेतलीत तर ती कोपराभोवती गुंडाळू नका. आतली तार पिळली जाते, आणि ते बघितल्यावर समोरचा माणूस तुम्हाला मुलाखत देईल याची मी खात्री देऊ शकत नाही.